शालेय कुस्ती आणि त्वचेचे संसर्ग: पालक, वस्ताद आणि क्रीडाशिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या भागांत कुस्तीचा सराव करणाऱ्या शाळकरी मुलामुलींच्या पालकांकडून, गावोगावच्या वस्तादांकडून आणि क्रीडाशिक्षकांकडून वर्षानुवर्षे जे प्रश्न कानावर येतात, त्यांतील काहींची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे लिहिणारा डॉक्टर नसून शाळेच्या मॅटवर आणि गावच्या तालमीत बरीच वर्षे काढलेला क्रीडाशिक्षक आहे. त्यामुळे निदान आणि औषध डॉक्टरांवर सोपवावे. मुलाला आज आखाड्यात उतरवायचे की नाही, हा निर्णय मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि हे लेखन मुख्यतः त्यासाठी आहे.

त्वचेचे रोग इतर खेळांपेक्षा कुस्तीतच इतके का पसरतात?

कबड्डीत अंगाला अंग लागते ते क्षणभर. कुस्तीत खडाखडी, म्हणजे उभ्याने होणारी सुरुवातीची झटापट, सुरू झाली की कपाळाला कपाळ भिडते, एकाचा पंजा दुसऱ्याच्या मानेवर बसतो, आणि घिस्सा मारताना मनगटापासून कोपरापर्यंतचा हात समोरच्याच्या मानेच्या कातडीवर अक्षरशः रगडला जातो. घामाने कातडी मऊ झालेली असते, मॅटवर घासून गुडघ्या-कोपरांना डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडलेले असतात, आणि जंतूंना आत शिरायला एवढी वाट पुरते. टॉवेल, लंगोट, चादरी आणि मॅट यांच्यातूनही संसर्ग होतो, पण थेट अंगाला अंग लागून होणाऱ्या संसर्गाच्या तुलनेत तो दुय्यम समजावा. हे अशासाठी सांगतो की पुष्कळ शाळा मॅट पुसण्यावर भरपूर श्रम घेतात आणि मुलांची कातडी मात्र महिनोन्‌महिने कोणी पाहत नाही.

तालमीतल्या लाल मातीत हळद, लिंबू, ताक आणि तेल मुरवलेले असते. त्या मातीत रोग होत नाहीत, हे खरे आहे का?

ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिच्यामागची श्रद्धा समजण्यासारखी आहे. नीट उकरलेली, चाळलेली, मुरवलेली माती अंगाला मऊ लागते, खरचटणे कमी होते, आणि ज्या तालमीत माती अशी राखली जाते तिथे एकूण स्वच्छताही चांगलीच असते. पण हळदीने किंवा ताकाने माती निर्जंतुक होत नाही, आणि झाली असती तरी दोन पैलवानांच्या अंगांमध्ये ती माती पडदा बनून उभी राहत नाही. नायटा मातीवरच्या कुस्तीत पसरतो तसाच मॅटवरच्या कुस्तीतही पसरतो.

मातीचा एक धोका मॅटला नाही, तो म्हणजे धनुर्वाताचा. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प यांची, लस आहे. आपल्या मुलाची ती राहिली असेल तर कुस्तीला घालण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन घ्यावी.

कोणते रोग ओळखता यायला हवेत?

सर्वांत जास्त दिसतो तो नायटा, म्हणजेच गजकर्ण. ही बुरशी आहे. लालसर गोल चट्टा, कडा किंचित उचललेली आणि खपल्यांची, मधला भाग त्या मानाने साफ, आणि घाम आला की भयंकर खाज, असे त्याचे नेहमीचे रूप असते. पैलवान मुलांमध्ये तो मान, दंड, पाठ आणि जांघ या ठिकाणी आधी पाहावा. डोक्यात झाला तर केसांचा पुंजका गळून टक्कल पडल्यासारखी जागा दिसते, आणि डोक्याचा नायटा नुसत्या मलमाने बरा होत नाही, त्याला पोटातून औषध लागते.

दुसरा गट जिवाणूंचा. केस्तूड आणि गळू आपण ओळखतोच. नाकाच्या किंवा ओठांच्या बाजूला मधासारखी पिवळी खपली धरणारे ओले फोड म्हणजे इम्पेटिगो. लहान मुलांमध्ये तो झपाट्याने पसरतो आणि ‘उष्णतेचे फोड’ म्हणून त्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. तसे करू नये. त्यातील काही जिवाणूंच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. सकाळी चेहरा सुजलेला दिसला आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खरूज हा किड्याचा रोग आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज ही त्याची ओळख आहे. त्याचे मलम एकट्या मुलाला लावून उपयोग नसतो; घरातील सर्वांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लावावे लागते, आणि साधारण आठवड्याने ते पुन्हा करावे लागते. गरम पाण्यात धुता येत नाहीत असे कपडे आणि पांघरुणे पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावीत, कारण अंगावर नसताना हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

मोत्याच्या दाण्यासारखे, मध्ये खळगी असलेले छोटे फोड दिसले तर ते मोलस्कम नावाच्या विषाणूचे असण्याची शक्यता असते. शिब्यांबद्दल मात्र घाबरण्याचे कारण नाही. छातीवर आणि पाठीवर उठणारे ते फिकट ठिपके बुरशीचेच असले तरी एकाकडून दुसऱ्याकडे लागत नाहीत, आणि शिबे आहेत म्हणून मुलाला घरी बसवणे हा अन्याय आहे. फिकट चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुस्तीचा विचार बाजूला ठेवून कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्र गाठावे. तिथे त्याचे औषध मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

पैलवानांना होणारा हर्पिस म्हणजे आपली नागीण का?

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा उशिरा उठणारा प्रकार आहे. कुस्तीतला हर्पिस हा ओठांवर ‘ताप उतू गेला’ म्हणतो त्या फोडांच्या विषाणूचा आहे. लाल कातडीवर पाणीदार फोडांचा झुबका येतो, तो बहुधा चेहऱ्यावर, मानेवर किंवा दंडावर, म्हणजे खडाखडीत जिथे अंग घासते नेमके तिथे. फोड उठण्याआधी त्या जागी आग होते किंवा मुंग्या येतात, काहींना ताप येतो आणि गळ्यातील गाठी सुजतात. एकदा शरीरात शिरलेला हा विषाणू मज्जातंतूंत दबा धरून राहतो आणि अधूनमधून पुन्हा डोके वर काढतो.

तो किती वेगाने पसरतो याचे नोंदलेले उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे आहे. १९८९ मध्ये तिथे शालेय पैलवानांचे चार आठवड्यांचे निवासी शिबिर झाले, त्यात १७५ पैकी ६० मुलांना हा रोग झाला. आपल्याकडच्या उन्हाळी शिबिरांत मुले याहून दाटीवाटीने राहतात. डोळ्याजवळ असा एखादा फोड दिसला तर वाट पाहू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून लावली तर चालते का?

या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक इथलीच आहे.

तालुका निवड चाचणीच्या महिनाभर आधी आमच्या एका मुलाच्या कमरेला, लंगोटाची पट्टी बसते तिथे, रुपयाएवढा चट्टा उठला होता. बाहेर बसवतील या भीतीने त्याने तो लपवला आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून दुकानातून ट्यूब आणली. चार दिवसांत खाज थांबली, लाली गेली, तो खूश झाला. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉईड होते. स्टिरॉईडने खाज आणि सूज दबते, पण बुरशी मरत नाही. उलट शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे ती आडवी पसरते, चट्ट्याची उठावदार कडा पुसट होते आणि डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्या दोन्ही जांघांवर आणि पोटावर चट्टे आले, आणि त्याच्याशी रोज जोड धरणाऱ्या, म्हणजे लढतीचा सराव करणाऱ्या, मुलांच्या मानांवर व दंडांवरही. त्या मुलाचा नायटा पुढे बरा झाला, पण जांघेत कातडी पातळ होऊन पडलेल्या जांभळट रेघा राहिल्या. त्याने लपवले हा त्याचा दोष मी मानत नाही. सांगितले तर संधी जाईल अशी व्यवस्था आम्हीच लावली होती.

अशी स्टिरॉईडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये कडक केला, तरी काउंटरवर ती आजही सहज मिळतात. त्यातच भारतातला नायटा आता पूर्वीसारखा साधा राहिलेला नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव २०२० मध्ये मिळालेली बुरशीची जात आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळते, आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून ट्यूब नको, त्वचारोगतज्ज्ञ हवेत; आणि खाज थांबली तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत औषध चालू ठेवायला हवे. टाकळ्याचा पाला काय किंवा रुईचा चीक काय, घरगुती उपायांनी गेलेला वेळ रोगाला मिळतो. चिकाने तर कातडी भाजते आणि त्या जखमेत जिवाणू शिरतात.

रोग झालेल्या मुलाला किती दिवस कुस्तीपासून दूर ठेवावे?

याबाबत अमेरिकेतील शालेय क्रीडा महासंघाच्या सूचना सर्वांत स्पष्ट असल्याने त्यांचा आधार घेता येतो. त्यांच्यानुसार अंगावरच्या नायट्याला उपचार सुरू झाल्यावर किमान ७२ तास आणि डोक्यातल्या नायट्याला १४ दिवस थांबावे. इम्पेटिगो आणि गळू यांना अँटिबायोटिक सुरू होऊन किमान तीन दिवस झालेले असावेत, मागच्या ४८ तासांत नवा फोड आलेला नसावा आणि जुने फोड वाहते नसून खपली धरलेले असावेत. खरजेला योग्य उपचारानंतर २४ तास पुरतात. हर्पिस पहिल्यांदाच झाला असेल तर औषध चालू ठेवून १० ते १४ दिवस, आणि पुन्हा उठला असेल तर ५ दिवस.

हे आकडे किमान आहेत. नायट्याच्या बाबतीत मी ७२ तासांवर समाधान मानत नाही. वर सांगितलेली आपल्याकडची बुरशी पाहता, चट्टा सुकून कडेची लाली आणि खपली जाईपर्यंत मुलाला जोड देऊ नये असे माझे मत आहे. यात कधी दोन आठवडे जातात, कधी चार. पालकांना हे जड वाटते, पण पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या नायट्याने अख्खा हंगाम गेलेला मी पाहिला आहे.

पट्टी बांधून किंवा पूर्ण बाह्यांचा बनियन घालून खेळू दिले तर?

कुस्तीत पट्टी टिकत नाही. पहिल्या पटालाच (पाय धरण्याच्या डावालाच) ती सरकते आणि घामाने सुटते. जखम संसर्गाची नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर तिच्या संरक्षणासाठी पट्टी बांधावी. रोग झाकण्यासाठी बांधू नये.

रोजची तपासणी कशी करावी? मुलींच्या बाबतीत काय करावे?

सरावाच्या आधी, अंग घामेजण्यापूर्वी, उजेडात. टाळू, कानामागची जागा, मान, दंडांची आतली बाजू, पाठ, बोटांच्या बेचक्या आणि गुडघ्यांची मागची बाजू पाहायला एका मुलाला अर्धा मिनिट लागतो. जांघ आणि झाकलेल्या जागा शिक्षकांनी पाहू नयेत. त्यांच्याबद्दल मुलाला एकट्यात विचारावे, आणि शंका असेल तर पालकांना कळवून डॉक्टरांकडे पाठवावे. मुलींची तपासणी शिक्षिकेनेच, आणखी एक महिला हजर असताना, बंद पण कोणाच्याही हाकेच्या अंतरावरील खोलीत करावी. शाळेत शिक्षिका नसेल तर ते काम आईकडे द्यावे आणि आठवड्यातून दोनदा तिच्याकडून विचारून घ्यावे. चट्ट्याचा फोटो काढून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा प्रकार कोणत्याही सबबीखाली होऊ देऊ नये.

तपासणीत नखेही येतात. वाढलेल्या नखाने काढलेला ओरखडा आणि त्या नखाखाली साचलेली घाण, दोन्ही मिळून गळवाची तयारी होते. शासकीय आणि अनुदानित शाळांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची भेट होते, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत त्वचेचे विकार आहेत. पथक येईल त्या दिवशी पैलवान मुलांना आवर्जून हजर ठेवावे.

मॅट कशाने आणि कसे पुसावे?

बाजारात मिळणारे सुमारे ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट एक लिटर पाण्यात १० मिलिलिटर, या प्रमाणात रोज ताजे द्रावण करावे. कालचे द्रावण आज निकामी असते. आधी साध्या साबणाच्या पाण्याने घाम आणि धूळ काढावी, कारण मळावर औषधाचा परिणाम होत नाही. मग द्रावणाने मॅट ओले करून १० मिनिटे तसेच राहू द्यावे आणि स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसून वाळवावे. हे काम सरावानंतर रोज व्हावे, आणि मुलांच्या हातून करून घेऊ नये. या द्रावणात फिनाईल किंवा संडास साफ करण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. आम्लाशी संयोग झाल्यास विषारी वायू सुटतो. फडके पुढेमागे घासत न नेता एका दिशेने न्यावे, वर्गखोल्यांचे फडके मॅटला वापरू नये, आणि फाटलेल्या मॅटच्या भेगांवर चिकटपट्टी लावावी, कारण बुरशीचे बीजाणू अशा भेगांत महिनोन्‌महिने टिकतात. बाहेरच्या चपला मॅटवर आणि मॅटचे बूट शौचालयात, हे दोन्ही बंद व्हायला हवे.

पावसाळ्यात लंगोट आणि कपडे वाळतच नाहीत. काय करावे?

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यांत जून ते सप्टेंबर ही खरीच अडचण आहे, आणि नायट्याची लाटही तेव्हाच येते. तालमीच्या खुंटीवर एकावर एक टांगलेले, आंबट वास सुटलेले ओले लंगोट हे दृश्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. प्रत्येक मुलाकडे किमान दोन लंगोट असावेत आणि त्यांवर नाव असावे. वापरलेला लंगोट तालमीत न ठेवता रोज घरी नेऊन साबणाने धुवावा, चुलीच्या उबेवर का होईना वाळवावा, आणि दमट राहिल्यास इस्त्री फिरवावी. ओला लंगोट बांधण्यापेक्षा त्या दिवशी सराव चुकलेला परवडला. टॉवेल किंवा पंचा तर स्वतःचाच हवा. भावाभावांनीही एक वापरू नये.

सरावानंतर लगेच अंघोळीची सोय नसेल तर?

अंघोळ जितकी लवकर तितका तिचा उपयोग जास्त, हे खरे. पण जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे आदर्शाची वाट पाहण्यात अर्थ नाही. एक बादली पाणी आणि साबण यांत मान, चेहरा, दंड आणि पाय धुऊन होतात. उरलेली अंघोळ घरी पोहोचताच करावी, जेवण झाल्यावर नाही. साबणाची वडी प्रत्येकाची वेगळी असावी, किंवा पंपाच्या बाटलीतला साबण ठेवावा. केस बारीक करण्याचे मशीन एकाच दिवशी साऱ्या पथकाच्या डोक्यांवरून फिरवण्याची हौसही आवरावी, कारण डोक्यातला नायटा असाच पसरतो.

जत्रेच्या मैदानात कोण तपासणार?

आज तरी कोणी नाही. निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंत चालणाऱ्या, कुस्त्यांच्या जोड्या पंचमंडळी दोघांना शेजारी उभे करून, वजन अंदाजून ठरवतात; नारळाच्या बक्षिसावरच्या कुस्तीत तर गर्दीतून कोणीही पोर पुढे येते. त्या क्षणी दोघांची उघडी अंगे पंचांच्या डोळ्यांसमोरच असतात. वाहता फोड किंवा गोल चट्टा दिसला तर जोड लावू नये एवढा ठराव गावच्या जत्रा कमिटीने केला तरी पुष्कळ होईल. तो ठराव मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत हौद्याजवळ, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याजवळ, लावावा, कारण समोरचा पैलवान गोकाकचा असेल नाहीतर बैलहोंगलचा. आपल्या मुलाला मात्र मैदानाला नेण्याच्या आदल्या दिवशी आपणच पाहून घ्यावे आणि शंका असल्यास नारळ सोडून द्यावा.

मुलगा कोल्हापूरच्या तालमीत राहतो आणि सुट्टीत येऊन शाळेच्या मुलांबरोबर सराव करतो. काही काळजी घ्यावी का?

घ्यावी. दाटीने राहणाऱ्या, गादी-चादरी वाटून घेणाऱ्या मुलांमध्ये संसर्ग जास्त असतो, मग तालीम कितीही नावाजलेली असो. तो आल्यावर पहिल्या दिवशीच इतरांसारखी त्याची तपासणी व्हावी. मोठा पैलवान म्हणून त्याला सूट देऊ नये. सगळी मुले त्याच्याशीच जोड मागतात, त्यामुळे उलट त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे.

ताबडतोब दवाखाना कधी गाठावा?

फोडाबरोबर ताप आला, लाली तासातासाने वाढू लागली, जखमेपासून वर लाल रेघ चढली, ठणका सहन होईना, किंवा सूज डोळ्याकडे सरकली, तर रात्र असली तरी थांबू नये. गळू घरी सुईने फोडू नये. नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू आता गावोगाव आहेत, म्हणून गळू वारंवार होत असतील तर पुवाची तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. मुलाला पुन्हा कुस्तीत उतरवण्यासाठी डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना रोगाचे नाव, औषध, उपचार सुरू केल्याची तारीख आणि कुस्तीला परवानगी कधीपासून, हे चारही त्यावर लिहून घ्यावे. नुसते ‘फिट’ लिहिलेल्या कागदाचा क्रीडाशिक्षकाला काही उपयोग होत नाही.

बाहेर बसवलेल्या मुलाने तेवढे दिवस काय करावे?

रोज सरावाच्या वेळेला यावे. ताप नसेल आणि डॉक्टरांनी मना केले नसेल तर धावणे, जोर, बैठका हे सारे त्याला स्वतःच्या सतरंजीवर, इतरांपासून चार हात लांब, करता येते. दोर आणि मुद्गल मात्र सर्वांच्या हातांचे असल्याने टाळावेत. खरूज आणि हर्पिस असताना हेही करू नये, कडेला बसून पाहावे. निवड चाचणी त्याच दिवसांत येत असेल तर शाळेने त्याची चाचणी पुढे घेण्याची तरतूद हंगामाच्या सुरुवातीलाच लेखी करून पालकांना वाचून दाखवावी. आमच्याकडे ही तरतूद झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तीन मुले आपण होऊन बनियन वर करून चट्टे दाखवायला आली.